पी-एच-टी-एच आलं की पेन का अडतं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात डोळ्यांच्या डॉक्टरला इंग्रजीत काय म्हणतात आणि ते लिहायचं कसं, असा एक छोटासा प्रश्न घेतला होता. त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्याच चार अक्षरांना दिलंय, पी, एच, टी, एच. ही चार अक्षरं सलग येणारे इंग्रजी शब्द तसे मोजकेच आहेत पण दवाखान्यात, केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये, कपाटात, पत्रिकेत कुठे कुठे जाऊन बसलेत ते बघण्यासारखं आहे.

प्रश्न : ताई, मी नर्सिंगला आहे आणि सध्या डोळ्यांच्या वॉर्डात पोस्टिंग आहे. ऑप्थॅल्मॉलॉजी लिहिताना माझा पहिला एच कायम राहतो. पी-एच आणि लगेच टी-एच असं कशाला? आणि म्हणायचं कसं, ऑफ्थॅल्मॉलॉजी की ऑप्थॅल्मॉलॉजी? – एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : आधी उच्चाराचं सांगते. दोन्ही चालतात, डिक्शनरीत दोन्ही दिलेले असतात, त्यामुळे कुणी चूक काढली तरी मनावर घेऊ नकोस. आणि एच फक्त तुझाच राहत नाही, इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांचाही हाच एच राहतो, कारण प बोलला की कानाला तिथे एच ऐकूच येत नाही.

आता असं का ते. ग्रीकमध्ये फाय आणि थीटा अशी दोन अक्षरं आहेत, गणितात आपण दोन्ही वापरतो. आज ग्रीसमध्ये फायचा उच्चार इंग्रजी एफसारखा होतो आणि थीटाचा 'थिंक'मधल्यासारखा, पण जुन्या काळी, म्हणजे सॉक्रेटिस-प्लेटोच्या काळात, हे उच्चार चक्क आपले फ आणि थ होते, ओठ मिटून सोडलेला फ आणि दाताला जीभ लावून सोडलेला थ. रोमन लोकांच्या लॅटिनमध्ये हे आवाजच नव्हते, त्यांना ऐकू यायचं ते 'प आणि मागून हवा', म्हणून त्यांनी पीला एच जोडला, टीला एच जोडला, आणि ग्रीक ख साठी सीला एच जोडला. म्हणजे पी-एच ही दोन अक्षरं नाहीतच मुळी, तो एक फ आहे, आणि टी-एच म्हणजे एक थ. तू 'ऑफ्थ' असं देवनागरीत मनात लिही, फ दिसला की पी-एच, थ दिसला की टी-एच, एच राहायचाच नाही.

हे फ-थ चं मी नुसतं पुस्तकातलं सांगत नाहीये, याचा पुरावा आपल्याकडे आहे. पत्रिका बघणाऱ्यांना केंद्र, पणफर, आपोक्लिम हे शब्द माहीत असतील, पहिलं-चौथं-सातवं-दहावं स्थान केंद्र, त्यांच्या पुढची चार पणफर आणि उरलेली चार आपोक्लिम. चंद्राच्या पुढच्या स्थानात ग्रह असला की सुनफा योग, मागच्या स्थानात असला की अनफा योग. हे शब्द संस्कृत वाटतात पण आहेत ग्रीक, यवनांकडून जे ज्योतिष आपल्याकडे आलं त्याबरोबर आलेले, वराहमिहिराने सहाव्या शतकात ते आपलेच असल्यासारखे वापरलेत. पणफर म्हणजे ग्रीक 'एपानाफोरा', सुनफा म्हणजे 'सुनाफे'. ज्या ज्या ठिकाणी ग्रीकमध्ये फाय आहे तिथे आपल्या लोकांनी फ लिहिलाय. त्याच्याही आधी, इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात, अगाथोक्लीस नावाच्या ग्रीक राजाने आपल्या काही नाण्यांवर ब्राह्मीत नाव घातलं, त्यात थीटाच्या जागी सरळ थ आहे. ऐकणाऱ्याने जे ऐकलं ते लिहिलं.

मग आपण 'ऑप्थ' का म्हणतो, 'ऑफ्थ' का नाही? कारण दोन महाप्राण, म्हणजे फ-थ सारखी ह मिसळलेली व्यंजनं, एकाला एक चिकटून म्हणणं जिभेला जड जातं. संस्कृतमध्ये तर याचा नियमच आहे, लभ् धातूपासून 'लब्ध' होतं, 'लभ्ध' होत नाही, पहिल्या भ मधला ह जातो. बुध् पासून बुद्ध, तिथेही तेच. आपण डिप्थेरिया, ऑप्थॅल्मॉलॉजी म्हणतो तेव्हा आपली जीभ जुनीच सवय पाळत असते, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि हो, तुझ्या वॉर्डातले याच घराण्यातले आणखी दोन शब्द लक्षात ठेव. एक्सॉफ्थॅल्मॉस म्हणजे डोळे बाहेर आल्यासारखे दिसणं, थायरॉइडच्या काही पेशंटमध्ये दिसतं. दुसरा झीरॉफ्थॅल्मिया, 'झीरोस' म्हणजे कोरडा आणि 'ऑफ्थॅल्मोस' म्हणजे डोळा, अ जीवनसत्त्व कमी पडलं की होणारा कोरडा डोळा. आधी रातांधळेपणा, मग बुबुळाच्या बाजूला पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखे राखाडी ठिपके, आणि तरी दुर्लक्ष झालं तर बुबुळच खराब होतं आणि मूल कायमचं आंधळं होतं. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत मुलांना दर सहा महिन्यांनी जो व्हिटॅमिन ए चा डोस तोंडाने पाजतात तो यासाठीच. स्पेलिंग अवघड असलं तरी हा शब्द केसपेपरवर बरोबर लिहिला गेला पाहिजे असं मला फार वाटतं.

प्रश्न : आम्ही लहानपणी घटसर्प म्हणायचो, आता सगळे डिप्थेरिया म्हणतात. या इंग्रजी शब्दाचा अर्थ काय? त्यातही साप आहे का? – निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : नाही सर, त्यात साप नाही, त्यात चामडं आहे. ग्रीकमध्ये 'डिफ्थेरा' म्हणजे कमावलेलं कातडं. फ्रान्समध्ये तूर या गावी पिएर ब्रेतोनो म्हणून एक डॉक्टर होता, त्याने 1826 मध्ये या आजारावर ग्रंथ लिहिला आणि तिथे या शब्दापासून नाव तयार केलं. हे नाव त्याला सुचलं ते पेशंटच्या घशात बघून. या रोगात टॉन्सिलवर आणि घशाच्या मागे राखाडी रंगाचा जाड पापुद्रा धरतो, तो साय काढावी तसा निघत नाही, ओढला तर खालून रक्त येतं, घट्ट चिकटलेलं कातडंच. तो पापुद्रा खाली श्वासनलिकेकडे सरकला की मूल गुदमरतं. ब्रेतोनोने अशाच एका मुलीची श्वासनलिका बाहेरून उघडून तिला वाचवलं होतं, 1825 मध्ये, भूल द्यायची सोय नसलेल्या काळात. रोगाचा जंतू क्लेब्सने 1883 मध्ये पाहिला, लोफ्लरने पुढच्या वर्षी तो वेगळा वाढवून दाखवला, आणि त्यावरच्या सीरमसाठी बेरिंगला 1901 मध्ये वैद्यकशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल मिळालं. आज जी पेंटाव्हॅलेंट, म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना देतात त्यात डिप्थेरियाचा भाग असतोच, त्याआधी आपण त्रिगुणी म्हणायचो ती, घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात. बूस्टर दीड वर्षाच्या आसपास आणि पाच वर्षांनंतर असतात, तेच पालक जास्त विसरतात, एवढं तुमच्या ओळखीतल्या नातवंडवाल्यांना जरूर सांगा.

पण सर, तुम्ही शिक्षक म्हणून तुम्हाला यातली दुसरी गोष्ट जास्त आवडेल असं वाटतं. डिफ्थेरा हे कातडं लिहायलाही वापरायचे. हिरोडोटस हा जुना ग्रीक इतिहासकार सांगतो की आयोनियातले, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरचे ग्रीक पपायरसच्या कागदालासुद्धा डिफ्थेराच म्हणायचे, कारण कागद मिळत नव्हता तेव्हा ते शेळ्या-मेंढ्यांच्या कातड्यावर लिहायचे, वस्तू बदलली पण नाव राहिलं. इराणच्या राजांच्या नोंदीही अशाच कातड्यांवर असल्याचं ग्रीक लेखक लिहून गेलेत. हा शब्द पश्चिम आशियातल्या भाषांमधून फिरत फारसी-अरबीत आला तो 'दफ्तर' होऊन. म्हणजे आधी कातडं, मग लिहिलेलं कातडं, मग नोंदवही, मग नोंदी ठेवायची कचेरी. फारसीतून तो मराठीत आला आणि इथे तर त्याने घरच केलं, दप्तरी दाखल, दप्तरदिरंगाई, दप्तरदार हे आडनाव, आणि शेवटी पोरांच्या पाठीवरचं दप्तर.

पुण्यात पेशवे दफ्तर आहे ना, कापडाच्या रुमालात बांधून ठेवलेले मोडी कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे, त्यातले निवडक कागद गो. स. सरदेसाईंनी 1930 नंतरच्या काही वर्षांत 45 खंडांत छापले, ते 'दफ्तर' आणि घशातला डिप्थेरिया एकाच ग्रीक कातड्यातून निघालेत. तुम्ही आयुष्यभर वर्गात 'दप्तरं उघडा' म्हणत आलात, तो शब्द असा अडीच हजार वर्षं चालत आलेला आहे, मला तर हे जेव्हा कळलं तेव्हा चारचौघांना फोन करून सांगितलं होतं.

प्रश्न : टायट्रेशनच्या प्रॅक्टिकलमध्ये वापरतो त्या इंडिकेटरचं स्पेलिंग पाठच होत नाही. फिनॉल्फ्थॅलिन. तो पण ग्रीक आहे का? – बारावीचा विद्यार्थी, लातूर

उत्तर : अर्धा ग्रीक आहे, आणि उरलेल्याची गंमत अशी की तो एका शब्दाचं डोकं कापून बनलाय.

सुरुवात डांबरगोळीपासून कर. कपाटात टाकतात त्या पांढऱ्या गोळ्या, नॅप्थॅलिनच्या. मराठीत डांबरगोळी म्हणतात ते अगदी बरोबर आहे कारण हा पदार्थ पहिल्यांदा दगडी कोळशाच्या डांबरातूनच काढला गेला. 1821 मध्ये जॉन किडने त्याला नाव दिलं, ते 'नॅप्था'वरून. नॅप्था म्हणजे जमिनीतून आपोआप झिरपणारं ज्वालाग्राही तेल, आणि हा शब्द मुळात ग्रीक नाहीच, तो इराक-इराणकडचा, बॅबिलोनच्या भाषेत 'नप्तू', अरबीत आजही पेट्रोलियमला 'नफ्त' म्हणतात. ग्रीकांनी तो उचलला आणि आपल्या फाय-थीटात लिहिला, म्हणून त्यालाही पी-एच-टी-एच लागलं.

पुढे 1836 मध्ये ऑगुस्त लोराँ या फ्रेंच केमिस्टने नॅप्थॅलिनपासून एक ॲसिड बनवलं. आधी त्याचं नाव नॅप्थॅलिनवरूनच होतं, नंतर पुढचं 'ना' काढून टाकलं आणि उरलं ते 'प्थॅलिक' ॲसिड. आता इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला पी-एच-टी-एच म्हणता येत नाही, म्हणून बोलताना पी-एच खाऊन टाकतात आणि नुसतं थॅलिक म्हणतात. या कापलेल्या शब्दापासून पुढे केवढा परिवार झाला बघ. थॅलेट, जे प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून पीव्हीसीत घालतात. थॅलोसायनिन, तो झगझगीत निळा रंग जो छपाईच्या शाईत, ऑइलपेंटमध्ये, प्लॅस्टिकच्या बादल्यांत असतो. हा निळा रंग अपघातानेच हाती लागला, 1928 मध्ये स्कॉटलंडमध्ये ग्रेंजमाउथच्या एका रंगाच्या कारखान्यात, थॅलिमाइड बनवायच्या लोखंडी भांड्याला आतून जो काचेचा थर होता तो तडकला, माल लोखंडाला लागला आणि पांढऱ्या पदार्थात निळसर-हिरवं काहीतरी दिसायला लागलं. ते फेकून न देता तिथल्या लोकांनी तपासलं.

तुझं फिनॉल्फ्थॅलिन बनवलं जर्मनीच्या आडोल्फ फॉन बायरने, 1871 मध्ये, फिनॉल आणि थॅलिक अनहायड्राइड तापवून. म्हणून नावात दोघंही आहेत, आणि स्पेलिंग पाठ करायचा सोपा मार्ग हाच, दोन तुकडे कर. पहिला तुकडा फिनॉल, तो तुला येतोच. दुसरा तुकडा पी-एच-टी-एच-ए-एल-ई-आय-एन. मध्ये श्वास घे. ॲसिडमध्ये हे पाण्यासारखं बिनरंगी असतं आणि पीएच (आपली पी-एच ही अक्षरं नव्हेत, ॲसिड-बेस मोजायचा आकडा) साधारण 8.2 च्या वर गेला की गुलाबी होतं, टायट्रेशनमध्ये, म्हणजे ॲसिडमध्ये थेंब थेंब बेस सोडून मोजताना, फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं, गडद झाला म्हणजे बेस जास्त पडला, रीडिंग परत घ्यायचं.

याच गुणामुळे हा पदार्थ लॅबच्या बाहेर एका फार महत्त्वाच्या कामाला येतो. लाच घेताना सापळा लावतात तेव्हा नोटांना याची पांढरी पूड लावलेली असते, दिसत नाही, कळत नाही. नोटा घेणाऱ्याची बोटं नंतर सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होतं, ते पाणी बाटलीत सीलबंद करून पुरावा म्हणून पाठवतात. केमिस्ट्रीच्या पहिल्या वर्षात शिकतो ती रिॲक्शन कोर्टात उभी राहते, हे मला या शब्दाबद्दल सगळ्यात जास्त आवडतं.

डांबरगोळ्यांबद्दल एक सांगायचं राहिलं. लहान मुलं त्या गोळ्या खडीसाखर समजून तोंडात घालतात, आणि ज्यांच्या रक्तात जीसिक्सपीडी हे एन्झाइम कमी असतं त्यांच्या लाल पेशी त्यामुळे फुटतात, त्यामुळे गोळ्या हाताला लागतील अशा ठेवू नका आणि बाळाचे कपडे, दुपटी त्यात ठेवू नका.

प्रश्न : डेंटिस्टने चिठ्ठीवर 'ॲफ्थस अल्सर' लिहिलं, मी घाबरलो. – एक वाचक, पनवेल

उत्तर : घाबरू नका, तोंड आलंय एवढाच अर्थ. 'ॲफ्था' हा तोंडातल्या फोडांसाठी हिपोक्रेटिस या प्राचीन ग्रीक वैद्याच्या वेळेपासूनचा ग्रीक शब्द आहे. दोन-तीन आठवड्यांत बरं नाही झालं तर मात्र परत दाखवा, विशेषतः तंबाखू खात असाल तर नक्की. गुरं पाळणाऱ्यांसाठी एक जोडते, लाळ्या-खुरकूत ज्या व्हायरसने होतो त्याचं शास्त्रीय नाव ॲफ्थोव्हायरस, कारण जनावराच्या तोंडातही असेच फोड येतात.

प्रश्न : आयुर्वेदाच्या अभ्यासात जुन्या इंग्रजी पुस्तकांत टीबीसाठी 'थायसिस' असा शब्द येतो, स्पेलिंग पी-एच-टी-एच-आय-एस-आय-एस. आम्ही क्षय म्हणतो. एक मैत्रीण म्हणाली हे दोन्ही शब्द एकच आहेत. खरं का? – बीएएमएसची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : खरं आहे! आणि या सगळ्या पत्रांमधला हा प्रश्न वाचून मला सगळ्यात जास्त आनंद झाला, कारण मला या चार अक्षरांबद्दल जे सांगायचं होतं ते इथेच आहे.

थायसिस, काही जण टायसिसही म्हणतात, हा शब्द 'फ्थिनेइन' या ग्रीक क्रियापदापासून आलाय, अर्थ झिजणं, खंगणं, कमी कमी होत जाणं. रॉबर्ट कॉखने 24 मार्च 1882 ला बर्लिनमध्ये टीबीचा जंतू जाहीर केला, त्याआधी कारण माहीत नव्हतं, दिसत होतं ते एवढंच की माणूस झिजतोय, म्हणून रोगाचं नाव झिजणं. आपल्याकडे क्षय, तोही क्षि धातूपासून, अर्थ तोच, झिजणं. आणि हे दोन धातू एकमेकांकडून उसने घेतलेले नाहीत, ग्रीक आणि संस्कृत ज्या एका जुन्या भाषेतून फुटल्या तिथलाच हा धातू दोघींनी वारशात आणला. ग्रीकमध्ये त्याचं 'फ्थ' झालं आणि संस्कृतमध्ये 'क्ष'.

आता कुणी म्हणेल की अर्थ जुळला म्हणून लगेच नातं कसं लावायचं, प कुठे आणि क कुठे. शंका रास्त आहे. एका जोडीवर कुणी विश्वास ठेवू नये, पण इथे जोड्यांची रांग आहे. ग्रीकमध्ये असा व्यंजनांचा गठ्ठा, कधी फ्थ, कधी ख्थ, कधी क्त, आणि संस्कृतमध्ये त्याच जागी क्ष. अस्वलाला ग्रीकमध्ये 'आर्क्तोस', संस्कृतमध्ये 'ऋक्ष'. सुताराला तिकडे 'तेक्तोन', इकडे 'तक्षन्', त्यातूनच आर्किटेक्ट आणि टेक्टॉनिक प्लेट्समधलं टेक्टॉनिक. जमिनीला तिकडे 'ख्थोन', इकडे 'क्ष्मा', अमरकोशात पृथ्वीच्या नावांत दिलेला. एवढ्या जोड्या एकाच साच्यात बसतात तेव्हा तो योगायोग नसतो, तो नियम असतो.

अस्वलावरून आठवलं, उत्तरेच्या ज्या सात ताऱ्यांना आपण सप्तर्षी म्हणतो त्यांना पूर्वी ऋक्ष म्हणायचे असं शतपथ ब्राह्मणात स्पष्ट लिहिलंय, आणि ग्रीकही त्याच ताऱ्यांना अस्वल म्हणायचे, त्या अस्वलाच्या दिशेचा प्रदेश म्हणून आर्क्टिक.

क्षयाकडे परत येऊ. तू चरक वाचतेस म्हणजे राजयक्ष्म्याची गोष्ट तुला माहीत असणार, चंद्र रोहिणीतच रमला, दक्षाने शाप दिला, चंद्राला क्षय लागला. आपण अजूनही चंद्र क्षीण होतो म्हणतो, पंचांगात क्षयतिथी असते, क्षयमास असतो, शब्द तोच, रोगालाही आणि चंद्रालाही. आता अथेन्सला चल. तिथल्या कॅलेंडरमध्ये महिन्याचे तीन भाग असायचे, आणि शेवटचे दहा दिवस, जेव्हा चंद्र लहान होत जातो, त्यांना ते म्हणायचे 'फ्थिनोंतोस', म्हणजे क्षीण होत जाणाऱ्या महिन्याचे दिवस. त्यांनीही एकच धातू आजारालाही लावला आणि उतरत्या चंद्रालाही.

याच्याही पुढची एक जोडी आहे. होमरच्या इलियडमध्ये, नवव्या सर्गात, ग्रीक वीर अकिलीस म्हणतो की ट्रॉयमध्ये राहून लढलो तर घरी परत जाणं नाही, पण कीर्ती मिळेल, 'क्लेओस आफ्थितोन'. क्लेओस म्हणजे कीर्ती, आफ्थितोन म्हणजे न झिजणारी. आता ऋग्वेदात पहिल्या मंडलात नववं सूक्त बघ, सातवी ऋचा, इंद्राकडे मागणं आहे 'पृथु श्रवो बृहत्' आणि पुढे 'अक्षितम्', मोठी कीर्ती दे, न झिजणारी. श्रवस् आणि क्लेओस एकाच धातूचे, अक्षित आणि आफ्थितोन एकाच धातूचे, दोन्हीकडे अ लावून नकार केलेला. आडालबेर्ट कून या जर्मन अभ्यासकाने 1853 मध्ये हे जुळवून दाखवलं, तेव्हापासून अनेक अभ्यासक मानतात की हे दोन शब्द वेगवेगळे नाही, जोडीने आले असावेत, म्हणजे ग्रीक आणि संस्कृत वेगळ्या व्हायच्या आधीच कुणीतरी कवी ही दोन शब्दांची ओळ म्हणत होते. अक्षय तृतीयेतलं अक्षय आणि अकिलीसच्या तोंडचं आफ्थितोन हे सख्खे भाऊ आहेत. मैत्रिणीला माझा नमस्कार सांग, तिने नेमकं बोट ठेवलंय.

तुझ्या उपयोगाचं एक, थायसिस हा शब्द टीबीसाठी आता वापरत नाहीत, पण नेत्रविभागात 'थायसिस बल्बाय' अजून ऐकशील, गंभीर इजा किंवा इन्फेक्शननंतर डोळ्याचा गोळा आकसून निकामी होतो त्याला म्हणतात. झिजणं हा मूळ अर्थ तिथे शाबूत आहे.

प्रश्न : आमच्या फिशरीजच्या कोर्समध्ये इक्थिऑलॉजी आहे, त्यात सी-एच-टी-एच सलग येतं. हेही त्याच जातीचं का? – एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : हो, त्याच जातीचं, फक्त इथे फ ऐवजी ख. 'इख्थुस' म्हणजे ग्रीकमध्ये मासा. इक्थिऑसॉर हा माशासारख्या अंगाचा, समुद्रात राहणारा प्राचीन सरपटणारा प्राणी, डायनोसॉर नव्हे. त्याचा सुमारे साडेपाच मीटर लांबीचा सांगाडा कच्छमध्ये खडकात मिळाला, 2017 मध्ये त्यावरचा पेपर आला, जुरासिक काळातला असा भारतातला तो पहिलाच. कोर्समध्ये आला तर विसरू नकोस.

सी-एच-टी-एच वाले आणखी दोन शब्द आहेत, दोन्ही वर सांगितलेल्या 'ख्थोन' म्हणजे जमिनीवरून. थॉनिक, यातला सी-एच बोलताना गळतो, अर्थ जमिनीखालचा, पाताळातला, ग्रीक देवतांमध्ये जे पाताळाशी जोडलेले त्यांना हे विशेषण लावतात. दुसरा ऑटॉक्थनस, म्हणजे त्याच मातीतला, बाहेरून न आलेला. हा शब्द भूगर्भशास्त्रात भेटतो आणि आरोग्य खात्याच्या रिपोर्टमध्येही, ऑटॉक्थनस मलेरिया म्हणजे प्रवासातून आणलेला नाही, तिथल्या तिथेच डास चावून झालेला.

प्रश्न : शाळेच्या क्विझसाठी, इंग्रजीत सलग जास्तीत जास्त व्यंजनं असलेले शब्द सांगा ना. – सातवीतली वाचक, ठाणे

उत्तर : पी-एच-टी-एच ची चार तर झालीच, आणि फिनॉल्फ्थॅलिनमध्ये आधीचा एल धरला तर पाच. साध्या शब्दांत एट्थ म्हणजे आठवा, त्यात जी-एच-टी-एच चार. ट्वेल्फ्थ्स आणि लेंग्थ्स यात पाच-पाच. सहा हवे असतील तर कॅचफ्रेझ घे, टी-सी-एच-पी-एच-आर, पण हा दोन शब्द जोडून झालेला आहे, त्यामुळे क्विझमध्ये आधी विचारून घे की जोडशब्द चालतात का. वाय हे अक्षर व्यंजन धरायचं की नाही तेही आधीच ठरवा, सगळी भांडणं तिथेच होतात.

प्रश्न : एका जुन्या निबंधात 'ॲपोफ्थेम'सारखा शब्द दिसला, शेवटी जी-एम होतं. अर्थ? – एक वाचक, इंदूर

उत्तर : थोडक्यात मार्मिक बोललेलं वाक्य, आपण सुवचन म्हणू तसं. 'फ्थेंगोमाय' म्हणजे आवाज काढणं, बोलणं. डिप्थाँगमधला 'फ्थाँग', म्हणजे स्वर, तोही याचाच, दोन स्वर मिळून झालेला तो डिप्थाँग, जसे आपले ऐ आणि औ. प्लुटार्क या जुन्या ग्रीक लेखकाच्या नावावर राजांच्या आणि सेनापतींच्या अशा बोलांचा संग्रह आहे. उच्चार ॲपोथेम, पी-एच आणि जी दोन्ही गप्प. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये पी-एच ठेवतात, अमेरिकन लोक तो लिहितही नाहीत, तेव्हा डिक्शनरीत एका ठिकाणी सापडला नाही तर दुसऱ्या स्पेलिंगखाली बघा.